आमेन झाल्यावरची लढाई
(सदर : आपले घर, आपले ताट)



गेल्या महिन्यात अल मनखूलच्या आमच्या घरी रात्री जेवायला बसलो. हात जोडले, तोच आमचा सहा वर्षांचा मुलगा म्हणाला, "आज प्रार्थना नको. आमेन झालं की तुम्ही ओरडता." पानात कोबीची भाजी होती. आम्ही दोघे गप्प झालो. भाजी खायला लावण्याच्या नादात देवाचे आभार मानणेच आम्ही त्याला नकोसे केले होते.

अन्न हे देवाचे दान, ते टाकू नये, हे आमचे म्हणणे चूक नव्हते. पण रसायनशास्त्र शिकलेल्या आम्हांला एक गोष्ट आठवायला हवी होती. १९३१ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीतील रसायनतज्ज्ञ आर्थर फॉक्स यांच्या हातून पीटीसी नावाच्या द्रव्याची पूड हवेत उडाली. सहकाऱ्याचे तोंड कडू झाले. फॉक्स यांना मात्र काहीच चव लागेना. या फरकामागचे जनुक २००३ साली सापडले. कोबी, फ्लॉवर यांतील काही गंधकयुक्त द्रव्यांचेही तसेच आहे. कोणाला ती कडू लागतात, कोणाला जाणवतही नाहीत. तेव्हा "कडू आहे" म्हणणारे मूल हट्टच करते असे नाही.

ताटावर सक्ती चालत नाही, हे मराठी ख्रिस्ती घरांना नवे नाही. रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या, तरी खाण्यापिण्याचे सोवळे पाळत राहिल्या. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी हे मोकळेपणाने लिहिले आहे. त्यांचे मन वळले ते आपणहून. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. पौलानेही रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (अध्याय १४) खाण्यावरून एकमेकांना हिणवू नका, असेच बजावले आहे.

आता आमच्या घरचे नियम असे :

१) काय रांधायचे आणि केव्हा जेवायचे ते आम्ही ठरवतो, किती खायचे ते मुलगा.

२) नको असलेली भाजी एकच चमचा वाढायची. त्याने ती बाजूला ठेवली तरी चालेल, नावे मात्र ठेवायची नाहीत. नवी चव रुळायला दहा-पंधरा वेळाही लागतात.

३) उरलेले फ्रीजमध्ये. पाच हजारांच्या जेवणानंतर प्रभूनेही तुकडे गोळा करविले. १२ टोपल्या भरल्या.

४) उपाशी मुलांची आठवण प्रार्थनेत काढायची, धाक म्हणून नाही.

मात्र मुलाचे वजन वाढत नसेल, घास गिळताना त्रास होत असेल किंवा ते दोन-चारच पदार्थ खात असेल, तर डॉक्टरांना जरूर दाखवावे.

कोबी अजून पोटात गेलेला नाही. पण परवाची प्रार्थना मुलानेच सांगितली. भाताचे आभार मानले, वरणाचे मानले, आणि जरा थांबून कोबीचेही.

पुढील अंकात शाळेच्या डब्याविषयी. आपल्या घरचे अनुभव चिठ्ठीवर लिहून मंडळाच्या पुढच्या सभेला जरूर आणावेत.