तलावातला देशी मासा हिशेबात घ्या

पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांतली मासळी कशी आहे, असे विचारले की कागदावरून एकच उत्तर मिळते: यंदा किती बोटुकली सोडली. रोहू, कटला, मृगळ, सिप्रनस यांचे बीज पावसाळ्यात तलावात पडले आणि पुढे जाळ्यात मोठा मासा आला, की मत्स्यव्यवसाय झाला असे धरले जाते. त्याच पाण्यात कोणी न सोडता वाढणारे मरळ, मागूर, शिंगी, शिवडा, वाम, कोलशी या हिशेबात कुठेच नसतात. हा हिशेब अपुरा आहे, आणि त्याची किंमत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतला मासेमार ढिवर समाज मोजतो आहे. तलावाच्या ठेक्याच्या अटी, गाळ काढण्याची रीत आणि बीजावरचा खर्च या तिन्ही गोष्टी देशी माशाचा विचार करून नव्याने ठरवायला हव्यात.

हे तलाव गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने भाताला पाणी मिळावे म्हणून बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटलांनी बांधला, असे तिथे आजही सांगतात. अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले. आज लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे आहेत. माशाच्या दृष्टीने त्यांचे मोठेपण तळाच्या उतारात आहे. पाळीजवळ पाणी खोल असते, मागे सरकावे तसे ते उथळ होत जाते आणि शेवटी गुडघाभर पाण्यात देवधान, कमळ, पाणगवत उभे असते. शिवड्याला खोल पाणी लागते. कोलशीसारखे बारके मासे पाण्याखालच्या वनस्पतींच्या आडोशाने राहतात. मागूर आणि शिंगी काठच्या चिखलाचे. उन्हाळ्यात पाणी आटले, त्यातला प्राणवायू कमी झाला, तरी मागूर, शिंगी आणि मरळ वर येऊन तोंडाने हवा घेतात आणि इतर मासे जिथे तडफडून मरतात तिथे तग धरतात. गोंदियातले सारस याच उथळ काठावर चरतात. बाहेरच्या माणसाला जो भाग दलदल वाटतो, तोच या तलावाचा सर्वात पिकाऊ भाग आहे.

रोहू, कटला, मृगळ हे मुळात नदीचे मासे. पुराच्या वाहत्या पाण्यात त्यांची वीण होते. साचलेल्या तलावात ते वाढतात, पण पिल्ले देत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी पीयूषग्रंथीचा अर्क टोचून या जातीच्या माशांकडून अंडी मिळवली आणि भारतातल्या मत्स्यशेतीचे रूपच पालटले. 10 जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो तो त्यामुळेच. त्या शोधाचे मोल वादातीत आहे. पण त्याची दुसरी बाजू अशी की या माशांवर चालणाऱ्या तलावाला दरवर्षी बीज विकत आणावे लागते. मत्स्यजिरे किंवा बोटुकली, त्यांची वाहतूक, वाटेतली मरतूक, हे सगळे मासेमार सहकारी संस्थेच्या माथी येते. पाऊस लांबला किंवा एका रात्रीत सांडवा भरून वाहू लागला, की घातलेले भांडवल पाण्याबरोबर निघून जाते. मरळ, मागूर, कोलशी यांची वीण मात्र तिथल्या तिथे होते, आणि त्यासाठी कोणाकडे उधारी करावी लागत नाही. लागते ती जागा आणि विणीपुरती उसंत.

ही उसंत म्हणजे काय, ते मरळीकडे पाहिले की कळते. मरळीची जोडी पाणगवत बाजूला सारून थोडी मोकळी जागा करते. अंडी पाण्यावर तरंगतात, पिल्ले निघाली की केशरी-लालसर झुंड पृष्ठभागाशी खदखदत फिरू लागते आणि तिच्याखाली आईबाप पहारा देतात. जवळ येणाऱ्या कशावरही ते झडप घालतात. म्हणूनच या दिवसांत बेडूक लावलेल्या गळाला ते हमखास लागतात, आणि राखणारे गेले की झुंडीचा इतर मासे बघता बघता फडशा पाडतात. एका माशाच्या भावात अख्खी वीण जाते. उत्तर अमेरिकेतल्या दलदलींत आणि तळ्यांत हौशी लोक ज्या बास माशाच्या मागे असतात, त्याचा नरही असाच घरटे राखतो. तिथे विणीच्या दिवसांत त्याला धरावे की नाही यावर अभ्यासक आणि गळवाले वाद घालतात. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात बऱ्याच भागांत वीण आटोपेपर्यंत बास धरायला बंदी असते. तो तिथे मुख्यतः छंदाचा मासा आहे, आपल्याकडची मरळ लोकांच्या रोजीरोटीची आहे. आपल्याही किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि शहरातल्या गिऱ्हाइकालाही ते ठाऊक असते. गावतलावातल्या विणीबद्दल अशी जाण नाही. पहिल्या पावसात ओहोळातून भातखाचरांकडे चढणारे, पोटात गाभोळी असलेले मासे विदर्भात धरले जातात, तसेच कोकणातल्या वलगणीतही.

यावर पहिला आक्षेप उत्पन्नाचा येतो आणि तो रास्त आहे. संस्थेला ठेक्याची रक्कम भरायची असते, रोहू-कटला लवकर वजन धरतो, घाऊक व्यापारी एकरकमी माल उचलतो. मरळ तर शिकारी. ती बोटुकली खाते, मग तिला कशाला सांभाळायचे? पण मरळीला बाजारात रोहूपेक्षा चढा भाव मिळतो, आणि बोटुकली नखाएवढी न सोडता बोटभर वाढवून सोडली तर तिच्या तोंडी जाणारा वाटा कमी होतो. बारक्या माशांबद्दलचा पुरावा बांगलादेशातून आला आहे. तिथेही तळ्यात कार्प सोडण्याआधी बारके मासे विष घालून मारण्याची पद्धत होती. शकुंतला हरकसिंग थिलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की मोला नावाचा बारका मासा कार्पबरोबर वाढवला तर कार्पचे उत्पादन घटत नाही, उलट काट्यासकट खाल्ल्या जाणाऱ्या त्या माशातून घरच्या बायकामुलांना अ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम मिळते. या कामासाठी 2021 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. मोठा मासा व्यापाऱ्याच्या बर्फाच्या पेटीतून बाहेर जातो. बारका मासा गावातच, ढिवरांच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या ताटात राहतो. उत्पन्न मोजताना हे ताट मोजायचे नाही, हा कोणता हिशेब?

दुसरा आक्षेप शेतकऱ्याचा. तलाव गाळाने भरला, त्यात गवत माजले, मग सिंचन कसे होणार? गाळ काढलाच पाहिजे, यात दुमत नाही. 2017 पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तो निघतोही आहे. प्रश्न रीतीचा आहे. पोकलेन लावून सगळा तळ एकसारखा खोल केला आणि काठ उभा कापला, की देवधानाची, कमळाची आणि विणीची जागा एकाच उन्हाळ्यात संपते. पाळीजवळचा आणि मधला गाळ काढून मागचा उथळ उतार राखला, तर पाणीही साठते आणि मासाही टिकतो. वनस्पतींचेही तसेच आहे. बेशरम काठावर माजते, तिचा माशाला उपयोग नाही. ती मुळासकट उपटावी. पण तिच्याबरोबर पाण्याखालच्या देशी वनस्पतीही घाण म्हणून काढल्या जातात किंवा त्या खायला गवत्या मासा सोडला जातो. अर्जुनी मोरगावच्या भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि स्थानिक ढिवर संस्थांनी नेमके उलटे केले: बेशरम काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या आणि देशी माशांना राहायला जागा दिली. या कामातला मोठा वाटा ढिवर महिलांचा होता, हे मुद्दाम सांगायला हवे. कायद्याकडून मात्र आधार नाही. 2017 च्या पाणथळ नियमांतून सिंचनासाठी बांधलेले जलाशय वगळले आहेत, म्हणजे शेकडो वर्षांत निसर्गाने आपलेसे केलेले हे तलाव कागदावर निव्वळ पाण्याच्या टाक्या ठरतात.

देशी मासा हटला की त्याची जागा रिकामी राहत नाही. उजनीच्या जलाशयात आज चिलापी या परक्या माशाचेच राज्य आहे. आफ्रिकी मांगूर पाळायला देशात बंदी आहे, राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर राज्यात त्याची तळी उद्ध्वस्त करण्याच्या मोहिमाही झाल्या, तरी तो चोरून वाढवला जातोच. आपला मागूर मात्र आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत धोक्यात आलेल्या जातींमध्ये गणला गेला आहे.

जिल्हा परिषदांनी आणि मत्स्यव्यवसाय विभागाने पुढच्या पावसाळ्याआधी तीन गोष्टी कराव्यात. ठेक्याच्या करारात विणीचे दिवस आणि तलावाचा एक राखीव कोपरा लिहून घ्यावा. ते दिवस आणि तो कोपरा कोणता, हे ढिवर संस्थेने ठरवावे, आणि त्या काळापुरती ठेक्यात सूट द्यावी. गाळ काढायच्या अंदाजपत्रकात उथळ काठ मोजून वगळावा. आणि बीजासाठी ठेवलेल्या पैशातला काही भाग पाणवनस्पती लावण्यासाठी, बेशरम काढण्याच्या मजुरीसाठी वळवावा. यासाठी नवे खाते लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. तलावावर रोज जाळे टाकणाऱ्या लोकांना करार करतेवेळी टेबलापाशी बसवा, सुरुवात तिथून होईल.