थडग्यातला झरोका

डिसेंबरच्या थंडीत पांघरूण सोडवत नाही ना? पण २१ डिसेंबर १९६७ ला मायकेल ओ'केली हे पुरातत्त्वाचे प्राध्यापक सूर्योदयाआधीच एका थडग्यात जाऊन बसले होते. तेही मिट्ट काळोखात!

हे थडगं आयर्लंडमधल्या न्यूग्रेंजचं. नवाश्मयुगातल्या शेतकऱ्यांनी ते सुमारे ५२०० वर्षांपूर्वी बांधलं. गिझाच्या पिरॅमिडच्याही आधी, बरं का! हाताशी धातूचं एकही हत्यार नव्हतं. बाहेरून टेकाड, आत १९ मीटर लांबीची चिंचोळी वाट नि शेवटी दगडी खोली. तिथे माणसांची जळकी हाडं सापडली.

"आत सूर्य येतो," असं तिथले लोक सांगायचे. एवढ्या आत? कोणाला पटणार! पण उत्खननात दाराच्या वर एक दगडी झरोका निघाला, आणि ओ'केलींना ते बोलणं आठवलं.

म्हणून तर ते त्या दिवशी वाट बघत बसले होते. सूर्य वर आला. झरोक्यातून उन्हाची तिरीप शिरली, सरकत सरकत थेट खोलीत! जेमतेम १७ मिनिटं. मग पुन्हा अंधार.

वर्षातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आसपासच हे घडतं. ते बघायला आता चिठ्ठ्या टाकून माणसं निवडतात. आणि नेमकं आभाळ भरून आलं तर? बसा अंधारात!