चाऱ्याचा हिशेब कोणाच्या खाती?

म्हशीच्या मांसाची निर्यात परदेशी बाजारात स्वस्त पडते, हे आपल्या व्यापाराचे कौशल्य होय, असे सांगण्यात येते. हा दावा आम्हांस मान्य नाही. अमेरिकेत मांसाची गुरे मक्यावर पुष्ट केली जातात. तेथे २०१२ च्या अवर्षणात मका बुशेलला ८ डॉलरांच्या वर गेला, पशुपालकांनी गुरे विकून टाकली, आणि २०१४ च्या आरंभी तेथील गुरांची संख्या १९५१ नंतरच्या नीचांकावर आली. मांस खरे कडाडले ते त्यानंतर. आधी विक्रीची गर्दी, मागाहून महागाई, असा हा क्रम आहे.

आपली म्हैस मात्र कडब्यावर, पेंढ्यावर आणि थोड्या सरकी-पेंडीवर जगते, आणि तो खर्च तिचे दूध फेडते. ती भाकड होईतो तिचा सारा चारा दुधाच्या खाती पडलेला असतो. निर्यातदाराच्या बिलात तो उमटतच नाही. ज्वारी बुडाली की कडबा महागतो, आणि दावणीची म्हैस पडेल त्या भावाने बाजारात जाते. २०१६ साली लातुरास रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा मराठवाड्यात चारा छावण्या सरकारी तिजोरीतून चालल्या. त्यातच ज्वारीची कितीतरी राने सोयाबीनने व्यापली आहेत. त्याच्या भुसकटाला कडब्याची सर नाही.

या निर्यातीस नाक मुरडणारी आपली देवळातील मंडळी (त्यांत आम्हीही आलोच) एक गोष्ट विसरतात. नैवेद्याच्या खिरीतले दूध आणि ते मांस पुष्कळदा एकाच गोठ्यातून निघते. आणि दुधाला लिटरमागे दोन रुपये अधिक द्यावयाचे म्हटले, की पहिली कुरकुर आपल्याच ओसरीवरून ऐकू येते.