आपला 'च' आणि त्यांचा 'ओन्ली'

सकाळी शाळेच्या फाटकाशी दहा मिनिटे उभे राहिले, तर एक इंग्रजी शब्द चार-पाच वेळा तरी कानी पडतो. 'सर, आय ॲम इन नाइन्थ ओन्ली.' 'माय हाउस इज निअर बसस्टँड ओन्ली.' 'ही इज लाइक दॅट ओन्ली.' मुले हे अगदी आत्मविश्वासाने बोलतात. आमच्या शाळकरी वयात आम्हीही असेच बोलत होतो.

काही वर्षांपूर्वी आपल्या भागातला एक मुलगा नोकरीच्या मुलाखतीसाठी मोठ्या शहरात गेला. गाव कोणते, असे विचारताच तो म्हणाला, 'सर, आय ॲम फ्रॉम निपाणी ओन्ली.' समोरची मंडळी हसली. हसणे फार मोठे नव्हते. पण पुढच्या ज्या प्रश्नांची उत्तरे त्याला येत होती, तीही त्याच्या तोंडून फुटेनात. परत आल्यावर त्याने आम्हांला विचारले, 'माझं नेमकं चुकलं काय?' 'ओन्ली शेवटी लावायचा नसतो,' एवढेच आम्ही सांगू शकलो. ते उत्तर अर्धवट होते, ही रुखरुख अजून आहे. म्हणून हा लेखप्रपंच.

तो मुलगा मनात म्हणाला होता, 'मी निपाणीचाच.' चूक त्या 'च'मधून आली. व्याकरणाच्या तासाला आपण शिकतो की 'च', 'ही', 'सुद्धा' ही शुद्ध शब्दयोगी अव्यये. ती शब्दाच्या मागून जोडली जातात आणि त्याचे सामान्यरूप होत नाही. हा 'च' फार जुना आहे. ज्ञानेश्वरीत तो 'चि' या रूपात जागोजागी भेटतो. आपल्या शेजारच्या कन्नडातही हेच काम शब्दाच्या शेवटी होते. आपण 'मीच', 'इथेच', 'आजच' म्हणतो. कन्नड शेजारी 'नाने', 'इल्ले', 'इवत्ते' म्हणतात. दखनी बोलणाऱ्यांनी तर आपला 'च'च उचलला आहे. 'मैंच', 'इधरीच' हे शब्द बाजारात कोणी ऐकले नाहीत?

सीमाभागात भाषा अशा एकमेकींच्या अंगवळणी पडल्या आहेत. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांनी सांगली जिल्ह्यातील कुपवाडच्या बोलण्याचा अभ्यास करून 1971 साली एक निबंध प्रसिद्ध केला. भाषाशास्त्रात तो आजही गाजलेला आहे. तेथील लोकांची मराठी, कन्नड आणि उर्दू यांची वाक्यरचना इतकी सारखी झाली होती की शब्दाला शब्द ठेवत गेले तरी एका भाषेतले वाक्य दुसऱ्या भाषेत जात होते. आपल्या मुलांनाही ही सवय जन्मापासून असते. शब्द बदलला की भाषा बदलली! मराठी-कन्नडमध्ये हे पुष्कळदा खपून जाते. इंग्रजीत खपत नाही, कारण तिथे मांडणी वेगळी आहे.

पहिला फरक जागेचा. आपला 'च' शब्दाच्या मागे येतो, तर 'ओन्ली' बहुधा शब्दाच्या आधी येतो. 'सीता बॉट टू पेन्स इन निपाणी' हे साधे वाक्य घ्या. 'ओन्ली सीता बॉट टू पेन्स' म्हणजे सीतानेच घेतली, दुसऱ्या कोणी नाही. 'सीता बॉट ओन्ली टू पेन्स' म्हणजे दोनच घेतली, तिसरे नाही. 'सीता बॉट पेन्स ओन्ली इन निपाणी' म्हणजे निपाणीतच घेतली, अन्यत्र नाही. शब्द तेच राहिले, एकाची जागा हलली आणि अर्थ बदलला.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. आपला 'च' अनेक कामे करतो, 'ओन्ली' मुख्यतः एकच करतो. तो मर्यादा घालतो: एवढेच, अधिक नाही. 'मला दोनच पुस्तके हवीत' इथे 'ओन्ली' चालेल. पण 'मी येणारच' यात मर्यादा कुठे आहे? तो निश्चय आहे. तिथे 'आय विल डेफिनिटली कम' म्हणावे. 'तोच मुलगा' म्हणजे 'द सेम बॉय'. 'हे मीच केलं' म्हणजे 'आय डिड इट मायसेल्फ'. 'आत्ताच आलो' याला 'जस्ट नाउ' हवे. 'मला कळलंच नाही' यातला 'च' तर इंग्रजीत 'ॲट ऑल' होतो. आणि 'मी निपाणीचाच' याला इंग्रजीत नुसते 'आय ॲम फ्रॉम निपाणी' पुरे. तिथे 'च'साठी वेगळा शब्द लागतच नाही.

मग चेकवर 'रुपीज फाइव्ह हंड्रेड ओन्ली' असे शेवटी का लिहितात? हा प्रश्न मुले विचारतात आणि तो रास्त आहे. तिथे रक्कम संपली, पुढे कोणी काही वाढवू नये, म्हणून तो शब्द कुंपणासारखा घातलेला असतो. मराठीत आपण तिथे 'फक्त' किंवा 'मात्र' लिहितो. 'लेडीज ओन्ली' ही पाटीही तशीच. म्हणजे 'शेवटी लावायचा नाही' हा आमचा नियम चुकीचाच होता!

कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? समजते ना समोरच्याला? आपापसांत जरूर समजते, आणि भारतीय इंग्रजीचा हा एक विशेष म्हणून अभ्यासकांनी त्याची नोंदही घेतली आहे. खुद्द इंग्रजांतही या शब्दाच्या जागेवरून वाद आहेत. 1926 च्या आपल्या प्रसिद्ध कोशात फाउलर यांनी सांगितले की घोटाळा होत नसेल तर 'ओन्ली' बोलण्याच्या ओघात येतो तिथे असू द्यावा. आमचेही सोवळे नाही. पण अर्ज, परीक्षा आणि मुलाखत या ठिकाणी आपल्या मुलाला दुसरी रीतही ठाऊक हवी. निवड त्याच्या हाती असावी. अज्ञानाने ती हिरावली जाऊ नये.

पालक बंधुभगिनींना एक विनंती. इंग्रजी सुधारावे म्हणून घरात मराठी बंद करू नका. ज्याला स्वतःच्या 'च'चे अर्थ उलगडतात, त्यालाच कुठे 'ओन्ली' आणि कुठे 'डेफिनिटली' हे कळते. मराठी कच्ची राहिली तर इंग्रजीचा पाया कशावर घालणार?

विश्वस्त मंडळ आणि शिक्षकवर्गाला आमची सूचना अशी: मराठी आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास एकत्र घ्यावा. फळ्याच्या एका बाजूला मराठी वाक्य, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. कन्नडच्या शिक्षकांनीही त्यात यावे. खर्च खडूचा, लाभ जन्माचा. या तासाला एक नियम मात्र कडक असावा: चुकणाऱ्याला कोणी हसायचे नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, यापुढे तोंडात 'ओन्ली' आला की क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा, 'हा कोणता च?' उत्तर मराठीत मिळेल आणि वाक्य इंग्रजीत सुधारेल.