काटछाट कुठे करायची?

डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने ‘क्रूशियल’चा किरकोळ धंदा गुंडाळत असल्याचे जाहीर केले, तेव्हा रॅमचे भाव आधीच भडकले होते. एआयच्या डेटा सेंटरांना हवी असलेली मेमरी बनवण्याकडे कंपन्या वळल्या आणि झळ लॅमिंग्टन रोडवरच्या असेंबलरपर्यंत पोहोचली. सकाळचा भाव संध्याकाळी टिकत नाही, हे रडगाणे सर्वांना पाठ आहे. आमची तक्रार वेगळी आहे. रॅमने खाल्लेले पैसे आपल्यापैकी अनेकजण मदरबोर्ड आणि एसएमपीएसमधून वसूल करत आहेत. सत्तर-ऐंशी हजारांच्या गेमिंग पीसीचे कोटेशन बघा: प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड ठळक अक्षरांत, रॅम आरजीबीसकट, आणि तळाशी नुसते ‘गेमिंग बोर्ड’ व ‘५०० वॅट एसएमपीएस’. मॉडेल नाही, बारा व्होल्टच्या रेलवर किती अँपिअर मिळतात तेही नाही.

मशीन पुढे वाढणार की अडकणार, हे मात्र याच दोन ओळींवर ठरते. २०१७ सालच्या बी३५० बोर्डांवर, जिथे निर्मात्याने बायोस दिले तिथे, २०२२ चा ५८००एक्स३डी चालला. रॅमसुद्धा बदलावी लागली नाही. एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही पाठबळ देण्याचे एएमडीने कबूल केले आहे. उलट एलजीए १७०० चौदाव्या पिढीवर संपला. त्यावरच्या स्वस्त एच६१० वर आय७ बसतो, पण व्हीआरएमला तो पेलत नाही. असा बोर्ड ‘अपग्रेडेबल’ म्हणून विकणे ही शुद्ध थाप आहे. ए५२०, रायझन ५५०० आणि आरटीएक्स ५०६० हे त्रिकूट तर त्याहून वाईट. कार्डाला लेन आठच, त्याही पीसीआयई ३.० च्या वेगाने. आठ जीबी व्हीरॅम भरली की गेम अडखळणारच.

काटछाट करायचीच तर रॅममध्ये करा, कारण ती नंतर भरून काढता येते. व्हीआरएमवर हीटसिंक असलेला बी६५०, रायझन ५ ७६००, खात्रीचा ६५० वॅटचा एसएमपीएस आणि १६ जीबीची एकच स्टिक. सिंगल चॅनेलमुळे फ्रेम घटतात, प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या गेममध्ये तर चांगल्याच घटतात, हे मान्य. दुसरी स्टिक पहिलीशी जुळेलच असे नाही, वेग एखादी पायरी उतरवावा लागेल, हेही मान्य. पण हे गिऱ्हाइकाला आधी सांगता येते. भिकार एसएमपीएस जाताना ग्राफिक कार्डही घेऊन गेला, तर काय सांगणार? ‘गिऱ्हाईक फक्त कार्ड आणि शेवटचा आकडा बघते’ असे उत्तर येईल. बघते, कारण बाकीचे आपण लिहीतच नाही. शेजारचा दुकानदार तीन हजारांनी स्वस्त देतो, तेव्हा फरक कशात आहे हे दाखवायला आपल्या कागदावर काहीच नसते.

बिलाची तीच गत. ‘असेंबल्ड कॉम्प्युटर, १ नग’ एवढ्यावर जीएसटी लावून मोकळे व्हायचे. वर्षभराने सर्व्हिस सेंटर सिरियल नंबर असलेले बिल मागते, आरएमए अडकते आणि आपण कंपनीच्या नावाने खडे फोडतो. प्रत्येक भागाचे मॉडेल आणि सिरियल बिलावर लिहा. त्याला कुठल्या सरकारी आदेशाची गरज नाही. पुढच्या अंकापासून मदरबोर्ड आणि एसएमपीएसचे पूर्ण मॉडेल न देणाऱ्या पीसीची जाहिरात हे मासिक छापणार नाही. जुन्या जाहिरातदारांनाही हाच नियम लागू राहील.