नागपूरचे ऊन आणि इंजिनाचे तेल

पेट्रोलच्या भावातील पन्नास पैशांच्या चढउतारावर तावातावाने वाद घालणाऱ्या मोटारमालकाला, आपल्या इंजिनात मागल्या सर्व्हिसिंगच्या वेळी नेमके कोणते तेल ओतले गेले असे विचारले, तर तो बहुधा मेस्त्रीकडे बोट दाखवील. आणि मेस्त्री अनुभवाच्या अधिकाराने, “आपल्या उन्हात घट्टच ऑईल बरे, पातळ टिकत नाही,” असा निवाडा देऊन मोकळा होईल. या निवाड्याला पिढीजात प्रतिष्ठा लाभलेली आहे. तथापि आजच्या लहान मोटारींच्या बाबतीत तो साफ चुकीचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तो निष्कारण जन्मला, असे मात्र नव्हे. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी प्रीमियर पद्मिनी आणि तिच्या समकालीन गाड्या यांच्या इंजिनांतील फिरत्या भागांमधल्या फटी आजच्या मानाने सैल असत, झिजेने त्या अधिकच सैल होत, आणि अशा इंजिनात घट्ट तेल घातले म्हणजे खडखड दबे आणि धूरही कमी दिसे. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आपले ७९६ सीसीचे तीन सिलिंडरांचे इंजिन घेऊन रस्त्यावर आली. तिच्या मागोमाग आलेल्या लहान गाड्यांची इंजिने उत्तरोत्तर अधिक काटेकोर होत गेली. परंतु गॅरेजातील गुरुशिष्यपरंपरेने तेलाविषयीची जुनी शिकवण जशीच्या तशी पुढे चालविली.

आता उन्हाचा युक्तिवाद तपासून पाहू. तेलाच्या डब्यावरील ‘०डब्ल्यू-२०’सारख्या आकड्यांपैकी ‘डब्ल्यू’च्या आधीचा आकडा थंडीतील वागणूक सांगतो आणि नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातील घट्टपणा. हा दुसरा घट्टपणा शंभर अंश सेल्सिअसला मोजतात: २० या प्रतीसाठी तो ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक असावा लागतो, तर ५० या प्रतीसाठी १६.३ ते २१.९. आणि शंभर अंशच का, तर चालत्या इंजिनाचे तेल साधारण त्याच सुमारास वावरते. बाहेर महाबळेश्वरचा गारवा असो की नागपूरचा वैशाख, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर मिळून इंजिनातील पाणी नव्वद अंशांच्या आसपास राखतात. म्हणजे ज्या हवेच्या नावाने घट्ट तेलाची शिफारस केली जाते, त्या हवेचा इंजिनाच्या अंतर्भागावर फारसा अंमल चालतच नाही.

याहून बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. नागपुरात मे महिन्याच्या दुपारी चाळीस अंशांत उभी असलेली गाडी आपल्या दृष्टीने तापलेली असली, तरी तेलाच्या दृष्टीने ती थंडच असते. ज्याला आपण पाण्यासारखे पातळ म्हणून हिणवतो, त्या ०डब्ल्यू-२० तेलाचा घट्टपणा त्या चाळीस अंशांना पंचेचाळीस सेंटिस्टोकच्या घरात असतो. अर्थात पूर्ण तापलेल्या २०डब्ल्यू-५० तेलाच्याही दुप्पट. उलट २०डब्ल्यू-५० तेल त्याच चाळीस अंशांना दीडशेच्या वर जाते, आणि पुण्यातल्या पौषातील पहाटे तर विचारूच नये. चावी फिरवल्यानंतरच्या पहिल्या क्षणांत, तेल वरच्या कॅमशाफ्टपर्यंत पोहोचण्यापूर्वी जी झीज होते, तीच इंजिनाच्या आयुष्यातील मोठी झीज होय. आणि नेमक्या त्याच वेळी घट्ट तेल रेंगाळते.

घट्ट तेलाने इंजिन दुसऱ्या दिवशी बसत नाही, हीच खरी अडचण आहे. शिक्षा तात्काळ मिळत नसल्यामुळे कसूर कोणाच्या लक्षात येत नाही; मायलेज थोडे उतरते, इंजिन किंचित जड वाटते, आणि त्याचे खापर पेट्रोलवर फुटते. शिवाय अनेक नव्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे करण्याचे काम याच तेलाच्या दाबाने होत असल्याने, तेल हे आता केवळ वंगण राहिलेले नाही.

पातळ तेलाचा आग्रह कंपन्या धरतात तो इंधनबचतीच्या सरकारी दंडकांपायी, हा आक्षेप मी सर्वस्वी खोटा मानत नाही. म्हणूनच माझा आग्रह पातळ तेलाचा नसून गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेचा आहे. तिने एकाहून अधिक प्रतींची मुभा दिली असेल, तर भरल्या गाडीने वारंवार घाट चढणाऱ्याने त्यांतील घट्ट प्रत खुशाल निवडावी. आणि २०डब्ल्यू-४० वर वाढलेल्या जुन्या इंजिनात नव्याच्या हौसेने ०डब्ल्यू-२० ओतणे, हाही तितकाच अविचार होय. मोटारसायकलचे तेल मोटारीत घालण्याची काटकसर तर कोणीच करू नये.

प्रतीबरोबर दर्जाही पाहावा लागतो. डब्यावर ‘एपीआय’पुढे येणाऱ्या अक्षरांत एसएन हा दर्जा २०१० मधला आणि एसपी २०२० मधला; पुस्तिकेत सांगितलेल्याहून खालचा दर्जा घेऊ नये. पिंपातून मापाने ओतल्या जाणाऱ्या सुट्या तेलाची मात्र ना प्रत कळते ना दर्जा.

मेस्त्रींच्या हातातील कसबाविषयी मला आदरच आहे, पण इंजिनाच्या फटी त्यांनी आखलेल्या नाहीत. प्रत्येक गॅरेजने बिलावर नुसते ‘ऑईल’ न लिहिता त्याची प्रत, दर्जा आणि लिटर असा पुरा तपशील लिहावा, आणि तो लिहिलेला नसेल तर ग्राहकाने पैसे चुकते करण्यापूर्वी तो मागून घ्यावा.