पाण्याखालचें पान

आमच्या प्रयोगशाळेंत दरवर्षीं एक प्रयोग होतो. कांचेच्या पात्रांत हायड्रिलाच्या डहाळ्या ठेवून त्यांवर नरसाळें पालथें घालावयाचें, वर पाण्यानें भरलेली परीक्षानळी उपडी करावयाची, आणि पात्र उन्हांत ठेवावयाचें. नळींत बुडबुडे चढूं लागतात. 'हा प्राणवायु' असें वहींत लिहून विद्यार्थी मोकळे होतात व डहाळ्या मोरींत जातात. आमचें म्हणणें असें कीं, खरी गोष्ट येथेंच सुरू होते आणि आपण ती अर्ध्यावर टाकून देतों.

तळ्यांतील हायड्रिलाचें पान बोटांनीं चोळून पाहावें; तें बुळबुळीत लागतें. शैवाल व सूक्ष्म जंतु यांची ती पातळ साय होय. सांडपाण्याबरोबर तळ्यांत अमोनिया येतो. सायींतील कांहीं जंतु प्राणवायूच्या साहाय्यानें त्याचें नायट्राइट करितात, दुसरे त्याचेंच नायट्रेट बनवितात. हे जंतु विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानें १८९० च्या सुमारास ओळखून दाखविले. परंतु तेवढ्यानें नत्र पाण्याबाहेर जात नाहीं. प्राणवायु सरला म्हणजे निराळे जंतु नायट्रेटमधील प्राणवायूवर निर्वाह करितात, आणि तेव्हां कोठें नत्र वायुरूपानें हवेंत परततो.

एकाला प्राणवायु हवा, दुसऱ्याला नको; आणि बिऱ्हाड मात्र एकाच पानावर! दिवसा पान प्राणवायु सोडतें, तेव्हां पहिल्याचें राज्य. रात्रीं वनस्पति, शैवाल व जंतु सारेच श्वसन करितात. सायींतील प्राणवायु ओसरतो आणि दुसऱ्याची पाळी येते.

यांत पाण्याच्या हालचालीचाही हात आहे. पानास लागून पाण्याचा जवळजवळ निश्चल असा थर असतो. अमोनिया, नायट्रेट, प्राणवायु, जें जें पानाशीं जावयाचें तें या थरांतून हळूहळू झिरपूनच जातें. पाणी सांचलेलें असल्यास थर जाड व पुरवठा मंद. वाहतें असल्यास थर पातळ व पुरवठा भरपूर. मात्र तेंच वाहतें पाणी रात्रीं प्राणवायूही आणून देतें, आणि मग नायट्रेट फोडणाऱ्या जंतूंचें काम अडतें.

म्हणूनच तळीं 'स्वच्छ' करण्याची हल्लींची रीत आम्हांस पटत नाहीं. दक्षिण अमेरिकेंतून आलेली जलपर्णी पृष्ठभाग झांकून प्रकाश अडविते. ती काढलीच पाहिजे, याविषयीं वाद नाहीं. पण तिच्याबरोबर पाण्याखालील सर्व हिरवें खरवडून, कांठ सिमेंटानें बांधून, मध्यें कारंजें बसविलें कीं काम झालें असें समजणें भाबडेपणाचें आहे. कारंज्यानें प्राणवायु मिळतो, माशांस बरें वाटतें, हें खरें. अमोनियाचें नायट्रेटही होईल. परंतु तें पाण्यांतच राहील आणि पुढील शैवालाचें खत होईल.

हायड्रिला माजतें, जाळ्यांत गुंततें, हा कोळ्यांचा आक्षेप रास्त आहे. तें कुजलें तर घेतलेला नत्र पाण्यासच परत देतें. तेव्हां तें थोडें थोडें कापून कांठाबाहेर न्यावें, मुळासकट उपटूं नये. आणि गटार तळ्यांत सोडून पानांकडून चमत्काराची अपेक्षा तर मुळींच करूं नये. पालकांनीं नगरपालिकेकडे प्रथम गटाराची गोष्ट काढावी.

आमच्या विज्ञानशिक्षकांस एक विनंति. यंदा प्रयोग संपल्यावर एक पात्र झांकून रात्रभर अंधारांत ठेवूं द्यावें, आणि पाण्यांत किती प्राणवायु उरला तें सकाळीं मुलांनाच मोजूं द्यावें.